कपकेकचा बुके पहिल्यांदा करताय? आधी मोजणी, मग ओव्हन

पार्टीसाठी कपकेकची सजावट करायची म्हटलं की बहुतेक जण पहिल्यांदा नोझल, म्हणजे क्रीमला आकार देणारी टोकं, विकत घेतात. मीही तेच केलं होतं. भाचीच्या वाढदिवसाला २४ कपकेक केले, सगळ्यांवर मस्त उंच उंच क्रीम काढलं, आणि मग मांडायला बोर्ड पुढे घेतला तर त्यावर जेमतेम १९ मावत होते, उरलेले दाबून दाबून बसवायला गेले तर ह्याचं क्रीम त्याला आणि त्याचं ह्याला, शेवटी पाच कपकेक डब्यात गेले आणि मधोमध एक खड्डा राहिला तो चॉकलेटचे तुकडे टाकून बुजवला. लोकांनी कौतुक केलं, लोक करतातच, पण फोटो आजही बघवत नाही.

तेव्हापासून मी उलट्या क्रमाने काम करते. आधी मांडणी ठरवायची, मग आकडा, मग बेकिंग, आणि नोझल सगळ्यात शेवटी. मांडणी छान दिसते ती कपकेक सारख्या उंचीचे असतात म्हणून आणि मधल्या फटी झाकलेल्या असतात म्हणून. फुलं जराशी वाकडी आली तरी खपून जातात, खरी फुलं तरी कुठे सरळ असतात.

कुठली मांडणी करायची

ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. एक म्हणजे बुके, म्हणजे कपकेकवर फुलं काढायची आणि ते गुच्छासारखे गोल उभे करायचे. दुसरा सपाट मांडणीचा, कपकेक चिकटून चिकटून ठेवायचे आणि त्यातून आकडा, अक्षर, फुलपाखरू असलं काहीतरी करायचं, मग प्रत्येकजण एकेक उचलून घेतो. तिसरा टॉवर, मजल्यामजल्यांचा.

पहिल्यांदा करणार असाल तर माझं ऐका आणि सात कपकेकचा बुके करा. टॉवर दिसायला सोपा वाटतो पण त्याला २५-३० कपकेक लागतात आणि सगळे एकसारखे हवेत, कारण ओळीत ठेवले की एक जरी बुटका असला तरी डोळ्यात खुपतो. सपाट मांडणीत क्रीम भरपूर लागतं. बुकेत मात्र सातच फुलं, चुकली तर पानं काढून झाकायची.

सातच का

एक नाणं टेबलावर ठेवा आणि त्याच्याभोवती तशीच नाणी चिकटवून लावत जा. बरोब्बर सहा बसतात, पाच लावली तर फट राहते आणि सातवं शिरत नाही. कुठल्याही सारख्या आकाराच्या गोल वस्तूंचं हेच होतं, त्यामुळे मधे एक आणि भोवती सहा असे सात, त्याच्या बाहेर अजून एक फेरी लावायची तर १२ लागतात, म्हणजे एकूण १९. हे दोन आकडे डोक्यात ठेवा, गुच्छासारखी मांडणी ह्या आकड्यांत आपोआप भरगच्च दिसते. दहा किंवा पंधरा केले की कुठेतरी भगदाड पडतंच.

नेहमीच्या आकाराचा कपकेक वरून साधारण ७ सेंटीमीटर रुंद असतो. म्हणजे सात कपकेकचा गोल २१ सेंटीमीटरचा, आणि कडेने पाकळ्या थोड्या बाहेर येतात म्हणून बोर्ड किंवा ताट २५ ते २८ सेंटीमीटरचं घ्या. १९ कपकेकचा गोल ३५ सेंटीमीटर होतो, त्याला ४० चा बोर्ड हवा. माझा तो पहिला बोर्ड ३५ चा होता, आता कळलं असेल काय झालं ते. तुमचा साचा थोडा लहानमोठा असू शकतो म्हणून पट्टी घेऊन एकदा मोजाच.

आकडा ठरला की त्यात तीन मिळवा. एक चव बघायला जातो, एक पडतो, एकावर पायपिंगची, म्हणजे पिशवीतून क्रीम पिळून फुलं काढायची, प्रॅक्टिस होते. म्हणजे सातच्या बुकेसाठी दहा करा.

बेकिंग

रेसिपी तुमची जी नेहमीची असेल ती घ्या, फक्त फार भुसभुशीत, हात लावला की चुरा होणारी नको, कारण हे कपकेक बरेचदा उचलावे-ठेवावे लागतात आणि बुकेत तर तिरके बसतात. इथे आपल्याला वरून सपाट कपकेक हवाय, घुमट आलेला नको. मफिनला घुमट शोभतो, पण फुलाखाली घुमट आला की पाकळ्या बाहेरच्या बाजूला घसरतात.

त्यासाठी दोन गोष्टी. ओव्हन थोडा कमी ठेवा, १७५-१८० ऐवजी १६० ते १६५ अंश, वेळ मग २२ मिनिटांच्या आसपास जातो, पण प्रत्येक ओव्हनचा स्वभाव वेगळा म्हणून १८ मिनिटांनंतर टूथपिक घालून बघायला लागा. आणि दुसरं म्हणजे पीठ अंदाजाने ओतू नका, वजनकाट्यावर साचा ठेवून प्रत्येक लायनरमध्ये (कपकेकच्या कागदी वाटीत) ४५ ते ५० ग्रॅम जे काय ठरवाल तेवढंच घाला. लायनर दोनतृतीयांश भरतो एवढ्यात. हे वजन करणं कंटाळवाणं आहे, मला माहितीये, पण दहा कपकेकला तीन मिनिटं जास्त लागतात आणि पुढचा अर्धा तास वाचतो, कारण उंची सारखी आली की मांडताना काहीच ॲडजस्ट करावं लागत नाही. काटा नसेल तर आइस्क्रीमचा स्कूप वापरा, एक स्कूप एक कपकेक.

तरी घुमट आलाच तर गार झाल्यावर दातेरी सुरीने कापून टाका, त्यात कमीपणा काही नाही. कापलेल्या भागावर क्रीमचा अगदी पातळ हात फिरवून दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा म्हणजे चुरा वरच्या फुलात येत नाही.

ओव्हनमधून काढल्यावर पाचेक मिनिटं साच्यात, मग जाळीवर. साच्यात जास्त वेळ राहिले की खालून ओलसर होतात. आणि कोमट कपकेक डब्यात भरून झाकण लावायचं नाही, वाफ कोंडते, कागद ओला होऊन कडेने सुटतो, आणि बुकेत कागद सुटलेला कपकेक म्हणजे फाटक्या कुंडीतलं झाड. पूर्ण गार व्हायला तासभर तरी द्या. खालून हात लावून बघा, वरून गार लागतो पण बुडाशी ऊब असते आणि तेवढी ऊब बटर ढिलं करायला पुरते.

क्रीम

बुकेसाठी बटरक्रीमच घ्या. व्हिप्ड क्रीम चवीला हलकं असतं, मला स्वतःला तेच जास्त आवडतं, पण तिरक्या कपकेकवर ते तासाभरात मान टाकतं. दुधाच्या ताज्या क्रीमची तर बातच नको.

माप सोपं आहे: बटर एक भाग, आयसिंग शुगर दोन भाग. २५० ग्रॅम बिनमिठाचं बटर, ५०० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, व्हॅनिला, आणि एक ते दोन टेबलस्पून दूध. ह्यातून साधारण ७५० ग्रॅम क्रीम होतं. एका पसरट गुलाबाला २५-३० ग्रॅम लागतं आणि उंच वळसेदार क्रीमला ४५-५०, म्हणजे ह्यात पंचवीसेक गुलाब किंवा पंधरा उंचवाले होतात. सातच्या बुकेला ह्याचं अर्धं माप पानांसकट पुरतं, पण पहिल्यांदा करताना पूर्णच करा, सरावाला लागेल.

बटर कसं हवं ते नीट बघा, सगळी गंमत तिथे आहे. बोट दाबलं तर खड्डा पडला पाहिजे पण बोट आरपार जाता कामा नये, आणि वरून चमकत असेल तर ते फार मऊ झालंय. तापमानात सांगायचं तर १८ ते २० अंश. नुसतं बटर आधी पाचसहा मिनिटं फेटा, ते पिवळ्याचं फिकट होत जातं, मग चाळलेली साखर दोनतीनदा करून घाला. चाळलेली म्हणजे चाळलेलीच, एक बारीक गुठळी नोझलच्या तोंडाशी अडकली की गुलाब अर्ध्यात थांबतो आणि जोर लावला की फस्सकन सगळं बाहेर येतं.

झाल्यावर चमचा उचलून बघा. टोक उभं राहून जरासं वाकलं तर गुलाबाला बरोबर आहे. टोक पडलं तर वाटी पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून परत फेटा, साखर ओतत बसू नका, नुसतं गोड होत जातं. उलट क्रीम फाटल्यासारखं, दाणेदार दिसत असेल तर बहुतेक वेळा ते फार गार असतं, वाटीच्या बाहेरून गरम ओलं फडकं धरा आणि फेटत रहा, येतं जागेवर. उकाडा फार असेल तर अर्ध्या बटरऐवजी व्हेजिटेबल शॉर्टनिंग (वनस्पती तेलाचं घट्ट पांढरं फॅट) घालतात, ते जास्त तापमानाला वितळतं म्हणून फुलं टिकतात, पण जिभेवर ते जरा मेणचट लागतं हे आधीच सांगते.

रंग

जेल किंवा पेस्टचे रंग घ्या, पातळ पाण्यासारखे नकोत, त्याने क्रीम ढिलं पडतं. टूथपिकच्या टोकाने घ्यायचा आणि हवा त्यापेक्षा एक छटा फिका ठेवून थांबायचं, कारण बटरक्रीममधला रंग दोनचार तासांत आपोआप गडद होतो. लाल आणि काळा हे दोन त्रास देणारे रंग, भरपूर लागतात आणि मग कडवट चव येते नि पाहुण्यांची जीभ रंगते. काळा हवाच असेल तर आधी कोको घालून गडद तपकिरी करा आणि मग काळा टाका, एकदम कमी लागतो. लाल गुलाबाचा हट्ट तर सोडूनच द्या पहिल्यांदा, गुलाबी करा.

निळ्याची एक गंमत. बटर मुळात पिवळसर असतं म्हणून त्यात निळा टाकला की हिरवट होतो आणि आपल्याला वाटतं रंगच खराब निघाला. जांभळ्या रंगात टूथपिक नुसती टेकवून ती पांढऱ्या क्रीममध्ये फिरवा, पिवळेपणा मरतो, मग निळा घाला. पांढरं शुभ्र क्रीम हवं असेल तरी हाच उपाय.

एका बुकेत तीनच रंग, आणि एक पानांचा हिरवा. हिरव्यात टूथपिकभर तपकिरी मिसळा, नाहीतर तो प्लॅस्टिकच्या पानांसारखा दिसतो.

फुलं काढणं

नोझल दोनच लागतात. एक मोठं स्टारचं, १एम ह्या नंबरने मिळतं (२डी पण चालेल, त्याच्या पाकळ्या जास्त वळलेल्या येतात), आणि एक पानाचं, ३५२ नंबरचं. बाकीचे ४८ नोझलचे सेट मी घेतलेत, पडलेत खणात, तुम्ही घेऊ नका.

पायपिंग बॅग निम्मीच भरा. उंच ग्लासात बॅग घालून काठावरून दुमडली की भरायला दोन्ही हात मोकळे राहतात. भरल्यावर वरून पिळा घालायचा आणि तो पिळा अंगठा आणि पहिल्या बोटाच्या बेचक्यात धरायचा, दाब तिथूनच द्यायचा. दुसरा हात फक्त दिशा दाखवायला. नवीन लोक दोन्ही हातांनी मधे दाबतात, मग क्रीम मागून बाहेर येतं आणि कोपरापर्यंत जातं.

गुलाब असा: नोझल कपकेकच्या बरोब्बर मध्यावर, सरळ उभं, पृष्ठभागापासून साधारण एक सेंटीमीटर वर. दाबा, एक छोटा ठिपका पडू द्या, आणि दाब न सोडता त्या ठिपक्याला चिकटून गोल फिरायला लागा, आतून बाहेर. नोझल क्रीममध्ये खुपसायचं नाही, क्रीम वरून खाली पडत गेलं पाहिजे दोरीसारखं, तुम्ही फक्त ती दोरी कुठे पडते ते ठरवायचं. दोन फेऱ्यांत कपकेकची कड येते. कडेला आलं की आधी दाब थांबवायचा, मग हात फिरत्या दिशेनेच पुढे काढून घ्यायचा. हात आधी वर उचलला तर शेपटी उभी राहते. राहिलीच तर काळजी नको, त्या शेपटीवर पान येणारे.

बाहेरून आत आणि वर वर नेलं तर आइस्क्रीमच्या कोनसारखा उंच आकार येतो, तो टॉवरला छान दिसतो, बुकेत मात्र नको, वजन वर जातं आणि तिरका कपकेक ओढला जातो.

आधी एखाद्या ताटलीवर किंवा बटर पेपरवर दहा गुलाब काढा, खरवडून परत बॅगेत भरा, परत काढा. साधारण सातव्याआठव्याला हात बसतो.

दुसरं सोपं फूल हायड्रेंजियाचं, म्हणजे बारीक फुलांचा गोल गेंद. त्याच स्टार नोझलने कपकेकभर छोटे छोटे ठिपके द्यायचे, दाबा-थांबा-उचला, कडेपासून सुरू करून मधे यायचं आणि मधे थोडा उंचवटा ठेवायचा. त्यात दोन रंग एकदम आले की फारच खरं वाटतं. त्यासाठी प्लॅस्टिक रॅपवर निळ्या आणि जांभळ्या क्रीमचा एकेक पट्टा शेजारीशेजारी घालून गुंडाळी करायची, एक टोक कापायचं आणि ती अख्खी गुंडाळी बॅगेत सरकवायची. बॅगही धुवायची कटकट नाही.

तिसरं सूर्यफूल, हे पानाच्या नोझलनेच होतं. मधे चॉकलेट स्प्रिंकल्सचा गोल, भोवती पिवळ्या पाकळ्यांच्या दोन ओळी, दुसरी ओळ पहिलीच्या फटींमध्ये. हात कच्चा असेल त्यांनी सूर्यफुलंच करावीत, हे फूल बिघडायला फार मेहनत लागते.

पानं आत्ता काढू नका. ती मांडल्यावर.

फुलं झाली की कपकेक अर्धा तास फ्रीजमध्ये. बटर घट्ट होतं आणि पुढचं सगळं उचलणं-ठेवणं निर्धास्त होतं.

बुके बांधणं

बरेच लोक कुंडीत थर्माकोलचा अर्धगोल बसवून त्यात टूथपिक खोचून त्यावर कपकेक टोचतात. दिसतं छान. पण एकतर तयार कपकेक ७५-८० ग्रॅमचा असतो आणि कडेचे हळूहळू खाली सरकतात, आणि दुसरं म्हणजे कोणीतरी लहान मूल कपकेक ओढतं आणि टूथपिक त्याच्याबरोबर बाहेर येते. मी एकदा वेळेवर बघितलं म्हणून बरं. मुलांच्या पार्टीत टूथपिकवाली पद्धत करूच नका.

त्यापेक्षा ग्लासची पद्धत. सात कागदी किंवा प्लॅस्टिकचे ग्लास घ्या, वरून रुंद आणि खाली निमुळते असतात तसले, तोंड साधारण ७ सेंटीमीटरचं. घेण्याआधी एक साधा कपकेक त्यात बसवून बघा, तो आत पडता कामा नये आणि नुसता काठावरही तोलून राहता कामा नये, अर्ध्यापर्यंत शिरून अडकला पाहिजे. एक ग्लास मधे, सहा त्याच्याभोवती, आणि सगळे एकमेकांना दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने जोडा. ग्लास निमुळते असल्यामुळे त्यांच्या भिंती एकमेकींना टेकवून चिकटवल्या की बाहेरचे सहा आपोआप बाहेरच्या बाजूला कलतात, आणि वर गुच्छाचा घुमट आयता तयार होतो, काही मोजायला लागत नाही. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी दोन मिनिटं नुसती बघत बसले होते. स्टेपलरने पण जोडतात पण पिन खाण्याच्या वस्तूजवळ मला नको वाटते.

मधल्या ग्लासात चुरगळलेला टिश्यू पेपर थोडा जास्त घाला म्हणजे मधला कपकेक बोटभर वर येतो. हा बोटभर फार महत्त्वाचा, सगळे एका पातळीत असले की बुके न दिसता ट्रे दिसतो. बाहेरच्या ग्लासांतही थोडा टिश्यू घालून कपकेकची कड ग्लासच्या काठाच्या जरा वर येईल असं बघा, म्हणजे शेजारच्या फुलांच्या पाकळ्या एकमेकींना टेकतात आणि ग्लास दिसत नाहीत.

हा ग्लासांचा गुच्छ एका जड बुडाच्या कुंडीत किंवा भांड्यात बसवा. सात कपकेक म्हणजे साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास वजन वरच्या बाजूला, त्यामुळे भांडं हलकं असेल तर तळाशी छोटे दगड किंवा पिशवीत बांधलेली वाळू टाका, नाहीतर कोणी एका बाजूचा कपकेक काढला की सगळं दुसऱ्या बाजूला. भांडं नको असेल तर ग्लासभोवती जाड कागद गुंडाळून रिबन बांधा, हातात देण्याचा बुके होतो, पण तो टेबलावर उभा राहील की नाही ते आधी रिकामाच ठेवून बघा.

मग गार कपकेक बसवायचे. आधी मधला, मग समोरासमोरचे दोन दोन, म्हणजे तोल राहतो. कागदाला धरून, फुलाला बोट न लावता, हलकं गोल फिरवत खाली दाबायचा. आता मधे मधे त्रिकोणी फटी दिसतील. हिरव्या टिश्यू पेपरचे तळहाताएवढे चौकोन कापा, मधे चिमटीत धरून खोचा, टोकं बाहेर. बटर लागून कागदावर तेलाचे डाग पडतात म्हणून फुलं घट्ट असतानाच हे उरका.

आणि सगळ्यात शेवटी पानं. पानाचं नोझल ४५ अंशात तिरकं धरून फुलाच्या कडेला टेकवा, दाबा, पानाचं बूड फुगलं की दाब कमी करत बाहेर ओढा आणि सोडून द्या. प्रत्येक कपकेकला दोन किंवा तीन, ज्या बाजूला फट किंवा चूक दिसते त्या बाजूला. पान त्या त्या कपकेकवरच चिकटलं पाहिजे, दोन कपकेकना जोडणारं पान काढलंत तर एक उचलताना दुसऱ्याचं फूल सोलून निघतं.

खरी फुलं खोचायचा मोह होतो. विकतच्या फुलांवर बऱ्याचदा फवारणी असते, आणि कण्हेरीसारखी काही सरळसरळ विषारी असतात, तेव्हा खाण्यायोग्य म्हणूनच घेतलेली नसतील तर कपकेकला लागू देऊ नका. तारेच्या देठांची नकली फुलंसुद्धा केकमध्ये थेट खुपसायची नाहीत.

सपाट आकडा किंवा अक्षर

हे थोडक्यात सांगते. आकडा कागदावर मोठा काढा, त्यावर रिकामे लायनर ठेवून मोजा किती बसतात, तेवढे कपकेक करा. बोर्डावर प्रत्येकाखाली क्रीमचा ठिपका लावून चिकटवा, अगदी चिकटून चिकटून. प्रत्येकावर वेगळं फूल काढणार असाल तर काम सोपं आहे. सगळ्यांवरून एकच सपाट थर पसरायचा असेल तर क्रीम जास्त घट्ट लागतं आणि तरी फटींत खचतं, म्हणून आधी फटींवर जाड रेघा काढून त्या थंड करून घ्या आणि मग पॅलेट नाईफ (क्रीम पसरायची लांब बोथट सुरी) फिरवा. मला हा सपाट थराचा प्रकार फारसा पटत नाही, पहिला कपकेक उचलला की सगळं चित्र फाटतं.

टॉवर

पुढेमागे करायचा झाला तर हिशोब असा. कडेने एकच ओळ लावायची असते आणि वरच्या मजल्याचा खांब मधे येतो. ३५ सेंटीमीटरच्या थाळीवर कडेने ११ मावतात, २८ च्या थाळीवर ८, २१ च्या थाळीवर मोकळेपणी ५, आणि टोकावर एक, झाले २५. टोकावर एकाऐवजी कापायला छोटा केकही ठेवतात. दोन मजल्यांत १० ते १२ सेंटीमीटर अंतर हवं, क्रीमसकट कपकेक सातआठ सेंटीमीटर उंच होतो आणि वरची थाळी टेकली की सगळी टोकं चपटी. टॉवर कधीही जागेवर जाऊन, खालून वर भरत आणायचा. घरी भरून न्यायचा विचारसुद्धा करू नका.

वेळापत्रक आणि नेणं

पार्टी संध्याकाळी असेल तर आदल्या दिवशी बेक करा, गार झाले की हवाबंद डब्यात, बाहेरच ठेवा, साधा कपकेक फ्रीजमध्ये कोरडा पडतो. क्रीम पण आदल्या दिवशी करून रंग घालून ठेवा, म्हणजे रंगही मुरतो. सकाळी क्रीम बाहेर काढून मऊ करा, परत फेटा, फुलं काढा, थंड करा. अजून लवकर करायचं असेल तर बिनक्रीमचे कपकेक घट्ट बंद करून फ्रीझरमध्ये दोनतीन आठवडे मजेत राहतात. ग्लासांचा सांगाडा तर आठवडाभर आधी बांधून ठेवा, त्याला काय होतंय.

गाडीतून नेताना बुके सीटवर ठेवू नका, सीट मागे उतरती असते. पायाशी सपाट जागेत किंवा डिकीत, खाली रबरी जाळीची मॅट टाकून, उंच खोक्यात. एसी चालू. सगळ्यात सुरक्षित म्हणजे कपकेक खाचांच्या डब्यात वेगळे न्यायचे, सांगाडा वेगळा, आणि तिथे जाऊन पाच मिनिटांत बसवायचे, सोबत एक बॅग हिरवं क्रीम आणि पानाचं नोझल. वाटेत जे काही बिघडतं ते पानाने दुरुस्त होतं.

पोचल्यावर थेट उन्हात, खिडकीशी किंवा गरम दिव्याखाली ठेवू नका. बटरक्रीमचा बुके गारव्यात काही तास आरामात राहतो. क्रीम चीज किंवा व्हिप्ड क्रीम वापरलं असेल तर मात्र दोन तासांच्या वर बाहेर नको, उकाड्यात तर एक तासच.

खायला देताना कोणालाही मधला आधी उचलू देऊ नका, सगळे तोच उचलायला जातात आणि हात आजूबाजूच्या फुलांना लागतो. बाहेरच्या ओळीतले, समोरासमोरचे दोन दोन, कागदाला धरून सरळ वर. मधला ज्याचा वाढदिवस असेल त्याच्यासाठी शेवटपर्यंत राहू दे. आणि ते जास्तीचे तीन केले होते ना, ते डब्यातच झाकून ठेवा, फोटो काढायच्या आधीच कोणीतरी एक पळवतं, तेव्हा लागतात.